तिसऱ्या चौकटीतली खूण

२ एप्रिल

तिघांचेही व्हिसा आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की तुला परदेश दाखवीन, असं नवऱ्यानं कधीतरी कबूल केलं होतं. सव्विसावं निम्मं उलटल्यावर का होईना, शब्द पाळतोय. नवरा पाणीपुरवठा खात्यात आहे. शहराला पाणी किती वाजता सोडायचं ते तो ठरवतो. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट वेळेच्या अर्धा तास आधी व्हावी असं त्याला वाटतं. पाणी सोडून.

तिसरा व्हिसा सासूबाईंचा. बारा दिवस त्यांना वन्संकडे ठेवायचं म्हणत होतो, पण वन्संच्या घरी नेमकं त्याच वेळी रंगकाम निघालं. वन्संच्या भिंतींना आमच्या सुट्टीतच रंग चढतो, हा अनुभव आहे. तेव्हा सासूबाई आमच्याबरोबर. मी "छानच झालं" म्हणाले. नवऱ्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेपर वाचायला घेतला.

६ एप्रिल

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचीनं गुरुमंत्र दिला. ती दर वर्षी परदेशी जाते आणि आल्यावर दोन महिने आम्हाला फोटो दाखवते. म्हणाली, "अगं, सासू आहे ना बरोबर? मग रांगेत कशाला उभी राहतेस? व्हीलचेअर सांगून ठेव. एक म्हातारं खुर्चीत बसवलं की अख्खं घराणं पुढे. आम्ही सासऱ्यांना बसवतो. ते टेनिस खेळतात."

मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. लोक पडल्याझडल्याच्या कहाण्या लिहून पाठवतात, त्यातलं खोटं मी शोधते. तेवीस वर्षं हेच. 'अचानक पाय घसरला' असं वाचलं की मी आधी बघते, 'अचानक' दोनदा लिहिलंय का. दोनदा असेल तर माणूस घसरलेला नसतो. अशा बाईनं असला सल्ला ऐकायला नको होता. पण विमानतळावर नवऱ्याबरोबर रांगेत उभं राहणं काय असतं हे मला माहीत आहे. तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतो आणि वेळ मला सांगतो.

प्रवास कंपनीतल्या माणसाला फोन केला. त्याला आम्ही 'नो प्रॉब्लेम' म्हणतो, कारण त्याला दुसरं काही म्हणता येत नाही. त्यानं फॉर्म पाठवला. तीन चौकटी: फार लांब चालता येत नाही, जिने चढता येत नाहीत, एक पाऊलही टाकता येत नाही.

"मॅडम, तिसरी मारा," तो म्हणाला. "पहिल्या दोघांना कधी खुर्ची मिळते, कधी मिळत नाही. तिसरीला थेट विमानातल्या सीटपर्यंत."

"त्या चालतात हो."

"नो प्रॉब्लेम."

मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. दावा करायचा तर पूर्ण करावा.

७ एप्रिल

सासूबाईंना सांगायचं होतं. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत शिकवलेली बाई. वय शहात्तर, आणि "चहा झालाय" हेसुद्धा "सावधान"च्या सुरात सांगतात. खुर्चीत बसा म्हटल्यावर माझीच उलटतपासणी होणार म्हणून तीन कारणं पाठ करून गेले होते.

पहिलंच पुरलं. "आई, विमानतळावर रांगा फार असतात. तुमच्यासाठी चाकाची खुर्ची सांगितलीय. तुम्ही नुसतं बसायचं. कुणी विचारलं तर मी बोलेन."

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "तुला सुचलं हे?"

"हो."

"ह्याला सांगितलंस? कशासाठी ते?"

"त्यांना काय सांगायचंय? रांगेसाठी."

"बरं केलंस," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. पंचवीस वर्षांत त्या हातानं मला पोळी कशी लाटू नये एवढंच दाखवलं होतं. मी चक्रावलेच. मग वाटलं, म्हातारपणी फुकटची गाडी कुणाला नको असते? आणि आपण उगाच घाबरत होतो.

१३ एप्रिल

बॅगा भरायला काढल्यात. सासूबाई हल्ली विसरभोळ्या होत चालल्यात. आज त्यांची डाव्या पायातली चप्पल पॅसेजमध्ये पडलेली, आणि स्वतः एका चपलेनं स्वयंपाकघरात उभ्या. "आई, दुसरी कुठाय?" म्हटलं तर खाली बघेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. दुपारी कपाटातून नाडीचे बूट काढले आणि घरातही तेच घालून बसल्या. "सवय करतेय," म्हणाल्या. कवायतवाल्यांचं सगळंच जगावेगळं.

सकाळची बागेतली फेरीसुद्धा बंद आहे. म्हणतात, पहिल्यासारखी हवा राहिली नाही. म्हटलं, शिस्तीची माणसं आळशी झाली की अशी हवेवर ढकलतात.

२१ एप्रिल

विमान दुपारी पावणेदोनचं. आम्ही विमानतळावर सकाळी पावणेनऊला. रात्री घरी बसून हे लिहिते आहे, ह्यावरून पुढचं कळावंच. पण आरंभापासून लिहिते, नाहीतर डोकं ताळ्यावर येणार नाही.

दारातच व्हीलचेअर तयार होती आणि ती ढकलणारे एक काका. पन्नाशीचे, जाड मिशा, बोलणं मोजकं. सासूबाई टॅक्सीतून उतरून नवऱ्याच्या दंडाला धरून खुर्चीत बसल्या, आणि मग दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलून खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवला. मी थक्क! मी नुसतं बसा म्हटलं होतं. ह्या तर भूमिकेत शिरल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात ह्यांना उगाच शिट्टी वाजवायला ठेवलं, असं मी नवऱ्याच्या कानात म्हटलं. तो हसला. काका हसले नाहीत.

मग काय विचारता! काका "जागा द्या, जागा द्या" म्हणत पुढे, आणि आम्ही दोघं वरातीसारखे मागे. एका रांगेत एक बाई दोन लहान पोरं कडेवर-काखेत घेऊन उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं. मी चेहरा चिंताक्रांत केला आणि सासूबाईंची शाल सारखी केली. ह्याची आता लाज वाटतेय. तेव्हा मजा वाटत होती, हे लिहून ठेवते.

मधल्या काळात बारीकसारीक विघ्नं आली. नवऱ्यानं बॅगेला नंबरांचं नवं कुलूप लावलं होतं आणि नंबर विसरला होता. माझा वाढदिवस असणार म्हणून मी तो लावला. उघडलं नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "त्याचा स्वतःचा लाव." उघडलं.

काऊंटरवरची मुलगी हसतमुख. पासपोर्ट घेतले, पडद्याकडे बघितलं, आणि हसू गेलं. "ह्यांना एक पाऊलही टाकता येत नाही?"

"नाही हो," मी म्हणाले. सुस्कारासुद्धा सोडला. "एक पाऊलही नाही."

"मग डॉक्टरांचं पत्र?"

"कसलं पत्र?"

"पूर्ण न चालणाऱ्या प्रवाशाला पत्र लागतं, मॅडम. दुसरं विमान जिथून पकडायचंय, तिथे शिडीनं चढावं लागतं. पत्राशिवाय मी त्यांना विमानात बसवू शकत नाही."

नवऱ्याचा चेहरा नळाला पाणी नसल्यासारखा झाला. तिथल्या तिथे 'नो प्रॉब्लेम'ला फोन केला. तो म्हणाला, हा जरा प्रॉब्लेम आहे.

मग मी आवाज खाली आणला. "हे बघा, फॉर्म चुकून भरला गेला. त्या चालतात. अगदी व्यवस्थित. व्यायामाच्या शिक्षिका होत्या."

मुलीला माझा पहिला सुस्कारा आठवत असणार. पण भली होती. म्हणाली, "ठीक आहे. त्या खांबापर्यंत चालून दाखवू दे. मी इथे बदल करते आणि तुम्ही जा."

खांब दहा पावलांवर होता. मी मोजली.

"आई, उठा."

सासूबाई हलल्या नाहीत.

"आई, झालं आता. तेवढं खांबापर्यंत जाऊन या."

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?" नवरा म्हणाला. "आई, दहा पावलं आहेत. विमान चुकेल!"

"मी उठणार नाही."

मागे रांग थांबलेली. ती दोन पोरांची बाईही त्यातच होती. सगळे आमचं बघत होते. मी खुर्चीपाशी वाकले, त्यांच्याशी बोलले. तेव्हा त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले, अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. मुद्दाम. सगळ्या लोकांसमोर, मला तोंडावर पाडायला. काकांनी त्यांचं कोपर धरलं होतं, ते सोडून मला म्हणाले, "ताई, बाईंना जपा." टिपची वाट बघत असणार म्हणून मी पर्स उघडली. त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

विमान गेलं. आम्ही टॅक्सीनं परत. घरात शिरताना सासूबाईंनी अंगाचा सगळा भार नवऱ्यावर टाकला. रुसव्याचाही केवढा थाट!

२२ एप्रिल

काल एक वाक्य लिहायचं टाळलं. 'त्यांच्याशी बोलले' असं लिहिलं आणि पुढे गेले. दावेदार असंच करतात. जिथे खरी गोष्ट असते तिथे वाक्य आखूड होतं.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुम्हाला आमचं सुख कधी बघवलंच नाही."

ते ऐकून त्यांनी उठायचा प्रयत्न केला होता. आधी नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पंचवीस वर्षांत कितीदा मनात आलं असेल, पण ओठांवर आलं नव्हतं. आलं तेही विमानतळावर, मिशाळ काकांच्या देखत. आज दिवसभर ते वाक्य माझ्यामागून घरभर फिरतंय. माफी मागावी तर त्यांचाच आडमुठेपणा आठवतो, आणि राग धरावा तर ते अर्धं उठणं आठवतं.

२३ एप्रिल

नवऱ्यानं ठरवलंय की बारा दिवस कुणाला काही सांगायचं नाही. सगळ्या इमारतीला आम्ही परदेशी गेल्याचं माहीत आहे. पेढी लुटून बसल्यासारखे पडदे ओढून घरात आहोत. दिवे लावायचे नाहीत, टीव्हीचा आवाज नाही, जोरात बोलायचं नाही. सासूबाईंच्या खोलीत जाऊन त्यानं बजावून सांगितलं, "आई, शेजारच्यांना अजिबात आवाज जाता कामा नये." त्या "बरं" म्हणाल्या. परवापासून एवढंच म्हणतात. जेवायला बाहेर येत नाहीत. ताट आत नेऊन देतो.

दुपारी वन्संचा फोन. "दादा, तिकडे हवा कशी आहे रे?"

पडद्याआड घामानं निथळणारा माझा नवरा म्हणाला, "थंड आहे. शाल लागते."

"आई काय म्हणते? मजेत ना?"

"मजेत," तो म्हणाला. "दमलीय जरा. झोपलीय."

मला हसू येत होतं. अजूनही येत होतं, हे आज लिहून ठेवते.

२४ एप्रिल

सकाळी ताट घेऊन गेले तर सासूबाई पलंगावर नव्हत्या. पलंग आणि भिंत ह्यांच्या मधल्या जागेत खाली बसलेल्या, पाठ भिंतीला टेकून. डावा पाय सरळ पुढे. पाऊल एका बाजूला कलंडलेलं. चादर ओढून त्यांनी पायांवर घेतली होती.

"आई! कधी पडलात?"

"साडेसहाला. बाथरूमला जात होते."

तेव्हा साडेआठ झाले होते.

"अहो, हाक नाही का मारायची?"

"आवाज करायचा नाही म्हणाला ना तो," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. त्यांचा बूट घातलेला पाय हातात घेतला. बोटं वर उचला म्हटलं. उजव्या पायाची उचलली. डाव्याकडे त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मीही. ते पाऊल ऐकत नव्हतं. एकतीस वर्षं शेकडो पावलांना हुकूम सोडलेली बाई, स्वतःच्या एका पावलाकडे दुसऱ्याच्या मुलाकडे बघावं तशी बघत होती.

नवऱ्यानं पडदे उघडले. सगळे.

२५ एप्रिल

मणक्यात नस दाबली गेलीय. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून पेननं दाखवली. "एकाएकी नाही झालेलं हे. पाऊल असं लुळं खाली पडायला लागून सहा महिने तरी झाले असणार. चप्पल पायातून निसटायची का?"

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"कळायचं नाही?"

"नाही."

"घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

डॉक्टरांनी हे कुणाला उद्देशून विचारलं नव्हतं. फिल्म पाकिटात घालता घालता सहज विचारलं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. आईचा मुलगा तो, पण बघणार माझ्याकडे! आणि त्याचं चुकलं असंही मला म्हणता येईना. चप्पल मी पाहिली होती. बूट पाहिले होते. हातांनी उचलून ठेवलेला पाय पाहिला होता, वर त्याला शाबासकी दिली होती. दहा हजार खोट्या पायांमधून खरा पाय निवडून काढण्याचा मी पगार घेते.

परवा ऑपरेशन.

२८ एप्रिल

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, दुखणं जाईल. पावलाचं सांगता येत नाही. लवकर आणलं असतं तर सांगता आलं असतं.

संध्याकाळी मी एकटी त्यांच्यापाशी होते. गुंगी उतरली होती. मी विचारलं, "आई, सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुमचं जाणं राहिलं असतं. किती वर्षं थांबलीस तू." मग जरा वेळानं, "आणि सांगायचं तरी काय? कवायतीच्या बाईंचं पाऊल पडतं? हसल्या असत्या पोरी."

त्या पोरी आता साठीच्या असतील.

"तू ओळखलंस म्हणून निभावलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं गुंगी उतरायची आहे अजून. "काय ओळखलं?"

"तू खुर्चीचं बोललीस ना, तेव्हाच मला कळलं, हिच्या लक्षात आलंय. आणि मला कमीपणा वाटू नये म्हणून रांगेचं निमित्त करतेय. त्यालासुद्धा बोलली नाहीस खरं कारण. काऊंटरवर त्या मुलीलाही तूच आधी सांगितलंस, एक पाऊलही नाही म्हणून. माझ्या तोंडून नसतं निघालं." त्यांनी डोळे मिटले. "पुढे तुझाही धीर सुटला. माणूस आहे, सुटतो. कानात काहीतरी म्हणालीस, ते मला ऐकू नाही आलं. केवढा गोंगाट तिथे!"

माझे ओठ त्यांच्या कानापासून दोन बोटं होते.

मी "हं" म्हणाले. एवढंच. "हं" हा शब्द नव्हे, असं कुणी सिद्ध करून दिलं तर मी त्याची आभारी होईन.

४ मे

सासूबाई घरी येऊन तीन दिवस झाले. पायाला पाऊल वर धरणारी पट्टी, हातात वॉकर. आणि एक नवलच: त्या मला हाका मारतात. "अगं, जरा हात दे." "अगं, बाथरूमपर्यंत चल." आधी कधी पाणीसुद्धा मागितलं नाही. परवा केस विंचरून दे म्हणाल्या. मी विंचरले. मान इतकी बारीक झालीय, ते मला पहिल्यांदा दिसलं.

वन्सं आल्या होत्या. त्यांना सगळं कळलंच, थंड हवेसकट. भावाला चार शब्द सुनावले आणि मग माझ्या गळ्यात पडल्या. "वहिनी, आई सांगत होती. पोटच्या पोरांना कळलं नाही, पण सुनेनं ओळखलं. वर तिचा मान राखला. मला तर लाज वाटली ऐकून."

"त्यात काय एवढं," मी म्हणाले.

हे तीन शब्द मात्र मी स्वतः म्हणाले. कुणी वदवून घेतले नाहीत. चहासुद्धा केला. वन्सं म्हणाल्या, चहा छान झालाय. ह्या घरात आजवर माझा चहा छान झाला नव्हता.

९ मे

समोरच्या घरातल्या बाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अशी सून मिळायला भाग्य लागतं." नवरा जेवताना वाढून घेतो आणि माझ्याकडे आदरानं बघतो. त्यालासुद्धा खरं वाटायला लागलंय! फॉर्म भरताना हा शेजारी बसला होता.

ऑफिसात एक दावा आला होता. म्हातारा गृहस्थ, 'अचानक' दोनदा. मी तो मंजुरीला पाठवला. त्यानं काही होत नाही. मला माहीत आहे.

११ मे

सांगितलं.

दुपारी त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि एका दमात म्हणाले, "आई, मला काही कळलं नव्हतं. खुर्ची रांगेसाठीच सांगितली होती. खरोखरच रांगेसाठी. चप्पल दिसली तेव्हा मी तुम्हाला विसरभोळ्या म्हटलं. पाय उचलून ठेवलात तेव्हा नाटक म्हटलं. आणि कानात म्हणाले ते—"

"ते मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

मी स्टूल जरा मागे ओढलं.

"रागात म्हणालीस. राग मला समजतो. ते मी तिथेच सोडलं." त्यांनी पट्टीचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा घट्ट केला. "म्हणजे कुणालाच दिसलं नव्हतं तर."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. वाटलं मलाही, साधारण पाच मिनिटं. मग त्या वॉकर घेऊन उठल्या. मी हात पुढे केला. तो दिसलाच नाही अशा बाजूनं वळून एकट्या बाथरूमकडे गेल्या. बावीस पावलं. मी दाराआडून मोजत होते.

१३ मे

हाका बंद. केस स्वतःच विंचरतात. मागची गाठ तशीच राहते. वन्संना मात्र काही सांगितलेलं नाही. आज फोनवर वन्सं पुन्हा माझी तारीफ करत असणार. सासूबाई "हो, हो" म्हणत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्यांना खोटं सोसलं असतं. ते वापरून त्या चालत होत्या. मी माझ्या मनाचा भार उतरवला, आणि ठेवला कुठे, तर ज्यांना एक पाऊल कमी आहे त्यांच्या अंगावर. ह्याला प्रामाणिकपणा म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मलाही दिसलं नव्हतं." पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता म्हणाला.

१८ मे

आज त्यांना व्यायामासाठी घेऊन जायचं होतं. माझ्याबरोबर येतील की नाही ह्याची खात्री नव्हती. आल्या. टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसल्या.

व्यायाम घेणारी बाई तिशीची, आवाज खणखणीत. एका बाजूला आरसा आणि मधे दोन आडवे दांडे, त्यांना धरून चालायचं. तिनं सासूबाईंना उभं केलं आणि "एक, दोन" म्हणायला लागली. सासूबाई थांबल्या. "पहिल्यांदा डावा," त्या म्हणाल्या. "'एक'ला डावा. तू उजव्याला 'एक' म्हणतेस." त्या बाईनं मुकाट्यानं बदललं. मग दोन फेऱ्या झाल्या. पाऊल अजून ओढतं, पण टाच पहिल्यांदा टेकली. आरशात त्यांना दिसली, मला दिसली. आम्ही दोघींनी एकदमच तिकडे बघितलं आणि एकदमच नजर काढून घेतली.

शेवटी त्या बाईनं कागद घेतला. "आजी, हे रोज दोन वेळा घरी करायचं. कुणीतरी शेजारी उभं राहिलं पाहिजे. घरी कोण आहे मदतीला?"

सासूबाई दांडा धरून उभ्या होत्या. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"ही आहे," त्या म्हणाल्या. "हिला आपणहून काही दिसत नाही. पण सांगितलं की करते."

ती बाई हसली. माझ्याच्यानं हसवलं नाही.

"मग सांगत जा ना," मी म्हणाले.

"आत्ता सांगते. ती पर्स ठेव आधी. आणि ये इकडे, डाव्या बाजूला." मी गेले. "तिकडे नव्हे. माझ्या डाव्या."

मी पलीकडे जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले.